दूध-दह्यावरचा बियांचा कुरकुरीत चुरा



ऊस विकास विभागाकडून लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा हेच वाचायची आपल्याला सवय आहे. या अंकात मात्र आम्ही न्याहारीवर लिहिणार आहोत. विषय बदलल्यासारखा वाटेल, पण फारसा बदललेला नाही. गुळाचा पाक, बियांतले तेल, हवेतला ओलावा आणि उसातले आंतरपीक या चारही गोष्टी आमच्याच खात्यात मोडतात.

आपला इंदापूर-बारामतीचा बागायती पट्टा डोळ्यांपुढे आणा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, उजनीचे पाणी आहे. दारात गाई आहेत, रानात डाळिंब आणि पेरू आहेत. पण सकाळी शाळेत निघालेल्या पोराच्या हातात काय असते? कपभर चहा आणि बिस्किटाचा पुडा. गळीत हंगामात ऊस वाहनात भरायला पहाटे निघालेला गडीही चहा-खारीवरच निघतो आणि अकरा वाजेपर्यंत तसाच राहतो. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. सगळ्यांचे उरकल्यावर उरले तर ती खाणार.

पूर्वी रब्बी ज्वारीच्या रानात करडईची, जवसाची तासे असत. बाजरीच्या कडेला तीळ असे. उखळात कारळ्याची चटणी कुटली जाई. रान उसाखाली आले तशी ही तासे गेली आणि ताटातल्या बियाही कमी झाल्या. पैसा आला ही चांगलीच गोष्ट झाली, पण आहारातली ही जागा रिकामी राहिली ती राहिलीच. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात उसाच्या गावातल्या लेकी-सुनाही आल्याच.

ही जागा थोडीफार भरून काढणारा एक सोपा पदार्थ म्हणजे दूध-दह्यावर घालायचा भाजलेल्या बियांचा कुरकुरीत चुरा. शहरातल्या दुकानांत तो परदेशी नावाने, रंगीत डब्यात मिळतो. पण तो आपल्याला परका नाही. संक्रांतीचा तिळगूळ आणि लोणावळ्याची चिक्की ज्या कुळातली, त्याच कुळातला हा. चिक्की न थापता, कमी गुळात, मोकळी ठेवली की झाला हा चुरा. आठवड्यातून एकदा तासभर काढला तर घरच्या घरी होतो.

१. ओट म्हणजे काय?

ओट हे धान्य आपल्या दूध उत्पादकांना नवे नाही. रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी आपण ‘केंट’ वाण पेरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाणही चाऱ्यासाठीच आहे. गाईला हिरवा कापून घालतो तोच ओट, माणसाच्या खाण्यात मात्र त्याचा दाणा येतो.

मग घरचाच ओट पिकवून का खाऊ नये? दाण्यावरचे टरफल घट्ट असते, ते काढायला यंत्र लागते. शिवाय या दाण्यात इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा नुसता भरडून ठेवला तर तो लवकर कडवट होतो. म्हणून कारखान्यात त्याला वाफ देतात आणि मग रुळाखाली चपटा करतात. दुकानात मिळतात ते हे ओटचे पोहे. आपल्या चुऱ्यातली ही वस्तू विकतच घ्यावी लागते. घेताना साधे, जाड पोहे घ्यावेत. मसाला घातलेले किंवा ‘झटपट’ लिहिलेले बारीक पोहे नकोत, त्यांचा भुगा होतो.

ओटचा मोठा गुण म्हणजे त्यातला पाण्यात विरघळणारा, बुळबुळीत होणारा तंतू. त्याने पोट जास्त वेळ भरल्यासारखे राहते आणि नियमित खाल्ल्यास रक्तातले कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते.

ओट न मिळाल्यास किंवा घ्यायचे नसल्यास ज्वारीचे पोहे चालतात. नागपंचमीला करतो त्या ज्वारीच्या लाह्याही चालतात. २०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीचे पोहे बाजारात बऱ्याच ठिकाणी दिसू लागले आहेत. आपल्या मालदांडीला कमी लेखायचे कारण नाही.

२. बिया कोणत्या आणि कशासाठी?

तीळ : कॅल्शियम भरपूर, तेही सालीसकटच्या तिळात. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फारच कमी उरते. म्हणून गावरान, साल असलेला तीळ घ्यावा.

जवस : माशात मिळते त्या जातीची चरबी वनस्पतीत देणारे हे बी. मात्र अख्खे जवस न चावता गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडते. भाजून जाडसर भरडावे, तरच अंगी लागते.

सूर्यफूल आणि लाल भोपळ्याच्या बिया : प्रथिने, जस्त, मॅग्नेशियम आणि काही प्रमाणात लोह. भोपळा चिरल्यावर बिया उकिरड्यावर जातात. त्या धुऊन, वाळवून, सोलून ठेवाव्यात.

शेंगदाणे : स्वस्त प्रथिने. बुरशी आलेला, काळपट किंवा कडू दाणा निवडून टाकावा. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही.

कारळे : चव खमंग, पण जास्त झाल्यास चुरा काळा आणि उग्र होतो. चमचाभर पुरे. करडईचे टरफल दातात येते, ती या कामाला नको.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बी कधीही खाऊ नये. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेले असते. रंग दिसो वा न दिसो, धुतले तरी ते खाण्यालायक होत नाही. खाण्याचे बी किराणा दुकानातून किंवा घरच्या खळ्यावरूनच घ्यावे.

३. गूळ घ्यावा की साखर?

साखर कारखान्याचा अधिकारी गुळाची शिफारस करतो म्हणून कोणी हसेल. तेव्हा दोन्हींची बाजू नीट मांडतो.

साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध इक्षुशर्करा. तिचा पाक वाळला की काचेसारखा कडक होतो आणि हवेतले पाणी सहज ओढत नाही. गुळात इक्षुशर्करेबरोबर तिच्या फुटीतून झालेली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखराही असतात. त्यातली फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते. शिळ्या उसाचा गूळ धरत नाही, पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो, हे आपण पाहतोच. कारण हेच. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातली इक्षुशर्करा फुटते. कारखान्याचा उतारा घटतो आणि गुऱ्हाळाचा गूळ चिकट होतो.

चुऱ्यालाही हाच नियम लागू आहे. गुळाने चव आणि रंग येतो, साखरेने कडकपणा येतो. म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सगळा गूळ वापरावा. पावसाळ्यात अर्धा गूळ आणि अर्धी साखर घ्यावी. काकवीने स्वाद उत्तम येतो, पण चुरा कुरकुरीत राहत नाही, तेव्हा चमचाभराच्या पुढे जाऊ नये. पाकात लिंबू पिळू नये. आंबटाने साखर आणखी फुटते आणि चुरा मऊ पडतो.

गूळ पिवळाधमक हवा असा हट्ट धरू नये. थोडा तांबूस गूळ चांगला. गुळात खनिजे थोडी जास्त असतात हे खरे, पण शेवटी गूळही साखरच आहे. मधुमेहाच्या हिशेबात दोन्ही सारखेच धरावेत.

४. साहित्य

वाटीचे माप घराघरात वेगळे, म्हणून वजने देतो.

ओटचे जाड पोहे – २५० ग्रॅम
शेंगदाणे, भाजून सोलून जाडसर केलेले – १०० ग्रॅम
सूर्यफुलाचे सोललेले बी – ७५ ग्रॅम
भोपळ्याचे सोललेले बी – ७५ ग्रॅम
तीळ – ५० ग्रॅम
जवस – ५० ग्रॅम
गूळ, किसलेला – १०० ग्रॅम
तूप किंवा शेंगदाणा तेल – २ मोठे चमचे
पाणी – ४ मोठे चमचे
मीठ – चिमूटभर. सुंठ किंवा वेलदोडा – चवीपुरता
बेदाणे – ५० ग्रॅम, ऐच्छिक

यातली एखादी बी नसली तर अडू नये. कोरड्या मालाचे वजन ६०० ग्रॅम भरले आणि गूळ त्याच्या सहाव्या हिश्शाइतका राहिला की झाले. ज्वारीच्या लाह्या वापरायच्या तर त्या हलक्या असल्याने १०० ग्रॅमच घ्याव्यात आणि गूळही ७५ ग्रॅमवर आणावा.

५. कृती

(१) जाड बुडाची पसरट कढई मंद आंचेवर ठेवावी. आधी ओटचे पोहे ८ ते १० मिनिटे कोरडेच भाजावेत. रंग किंचित बदलला आणि बोटांत चुरल्यावर कट् मोडले की परातीत काढावेत.

(२) बिया वेगवेगळ्या भाजाव्यात. सगळ्या एकदम टाकल्या तर तीळ करपतो आणि भोपळ्याचे बी कच्चे राहते. भोपळ्याचे बी फुगून फुटू लागले, सूर्यफूल बदामी झाले, जवस तडतडू लागले की काढावे. तिळाला दोन-तीन मिनिटे पुरतात, तो उडू लागला की उतरवा. जवस निवल्यावर खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये एकदाच फिरवून जाडसर करावे.

(३) गूळ आणि पाणी एकत्र तापवावे. गूळ विरघळल्यावर गाळून घ्यावा. चिपाडाचे कण आणि बारीक खडे निघून जातात. गाळलेला पाक पुन्हा कढईत घालून तूप आणि मीठ टाकावे. फेस आला आणि दोन बोटांत एक तार धरली की पाक तयार. चिक्कीसारखा कडक पाक इथे नको. थोड्या गुळात एवढा माल माखायचा आहे, पाक कडक झाला तर तो एकाच जागी गोळा होतो.

(४) आंच अगदी मंद करून सगळा भाजलेला माल पाकात घालावा आणि उलथन्याने खालीवर करावा. प्रत्येक दाण्याला पाक लागला पाहिजे. आता खरी कसोटी. हा ओला माल १२ ते १५ मिनिटे मंद आंचेवर सतत हलवत सुकवावा. आंच वाढवायचा मोह होतो, पण तसे केले की बाहेरून करपतो आणि आत ओला राहतो.

(५) गरम असताना चुरा मऊच लागतो. म्हणून कढईत चाखून ‘अजून झालं नाही’ म्हणत भाजत राहू नये. चमचाभर चुरा ताटलीत काढून दोन मिनिटे निवू द्यावा, मग दाताखाली धरावा. कुरकुरला तर उतरवावा, चिकटला तर आणखी तीन-चार मिनिटे द्यावीत.

(६) परातीत पातळ पसरून पूर्ण निवू द्यावा. गाठी हव्या असतील तर पसरल्यावर वाटीने हलके दाबावे आणि निवल्यावर हाताने मोडावे. बेदाणे आणि वेलदोडा निवल्यावरच मिसळावा. बेदाणा भाजला की कडक आणि कडवट होतो.

घरात विजेची भट्टी असेल तर पाक माखलेला माल १५० अंशांवर २० ते २५ मिनिटे ठेवावा, मध्ये एकदा हलवावा. हात दुखणे वाचते, एवढाच फरक. लाह्या घातल्या असतील तर पाक थोडा घट्ट, पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होईल इतपत करावा. पातळ पाकात लाही आक्रसते.

६. बिघडतो कुठे?

चुरा मऊ राहिला तर पाक माखल्यानंतर सुकवणे कमी पडले असे समजावे. पुन्हा मंद आंचेवर दहा मिनिटे भाजावा, बहुधा सुधारतो. कडू लागला तर तीळ किंवा गूळ करपला आहे, त्याला इलाज नाही. आज कुरकुरीत आणि उद्या नरम असे झाले तर तो कोमट असतानाच डब्यात भरला असणार. डब्यात वाफ धरते आणि केलेले सगळे वाया जाते. साखरेची पोतीही गरम साखरेने भरली तर आत गोळे धरतात, तसलाच हा प्रकार.

निवल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत भरावा. चमचा कोरडा हवा. दोन ते तीन आठवडे चांगला टिकतो. त्याहून जास्त ठेवू नये. बियांतले, विशेषतः भरडलेल्या जवसातले तेल खवट होते. खवट वास आला की टाकून द्यावा. पावसाळ्यात निम्म्या मापानेच करावा.

७. खायचा कसा आणि किती?

एका माणसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे दोन भरलेले मोठे चमचे. वरच्या मापात साधारण ३० वाटे होतात. पाच माणसांच्या घराला सहा दिवस. एका वाट्यात गूळ येतो तीन-सव्वातीन ग्रॅम, चहात टाकतो त्या एक चमचा साखरेपेक्षाही कमी. बाजारच्या डब्याशी तुलना करायची असेल तर डब्यावर घटकांची यादी वाचावी. जो पदार्थ वजनाने जास्त, तो यादीत आधी छापलेला असतो. साखर दुसऱ्या-तिसऱ्या जागी दिसली तर आपण काय विकत घेतोय ते कळते.

घट्ट दही वाटीभर, त्यावर डाळिंबाचे दाणे किंवा पेरूच्या फोडी आणि वर हा चुरा. पोरांना कोमट दुधावर घालून द्यावा. चुरा आयत्या वेळी घालावा, आधी घालून ठेवला की लगदा होतो. भाकरी-दुधावर चमचाभर टाकला तरी उत्तम. भाकरी सोडा असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

चहाबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. चहातल्या तुरट द्रव्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. म्हणून चहा न्याहारीबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. उलट पेरू, आवळा, लिंबू यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. पेरू आपल्याकडे ढिगाने पिकतो, घरातही खाल्ला पाहिजे. तरी नुसता चुरा खाऊन रक्तक्षय जाईल असा आमचा दावा नाही. ज्यांना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या बंद करू नयेत.

जपावे कोणी? मधुमेह असणाऱ्यांनी गूळ निम्मा करावा आणि वाटा मोजून घ्यावा. बियांत तेल भरपूर असते, वजन वाढत असेल त्यांनी मूठ-मूठ खाऊ नये. शेंगदाणा किंवा तीळ सोसत नसेल, अंगावर पित्त उठत असेल, त्यांनी टाळावा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना बारीक पूड करून दुधात द्यावी.

८. बांधावर आणि पट्ट्यात

आता आमच्या नेहमीच्या कामाकडे येतो. या चुऱ्यातला निम्मा माल उसाच्या रानातच पिकू शकतो.

अडीच-पाच फूट जोडओळ पट्टा पद्धतीत मधला पाच फुटांचा पट्टा पहिले तीन-साडेतीन महिने मोकळाच असतो. सुरू लागणीत त्यात उन्हाळी भुईमूग बसतो. मात्र लागणीबरोबरच टोकावा, म्हणजे मोठ्या बांधणीच्या सुमाराला निघतो. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींचा जमिनीलाही फायदा होतो. सूर्यफूल उसाच्या सरीत घेऊ नये. ते उंच वाढते, सावली धरते आणि खताला वाटेकरी होते. त्याची जागा बांधाच्या कडेला किंवा परसात. घरापुरती पंधरा-वीस झाडे पुरतात, पोपटांचा हिस्सा धरून. जवस रब्बीच्या सुरुवातीला, तीळ पावसाच्या सुरुवातीला टाकावा. लाल भोपळ्याचा एक वेल उकिरड्याच्या कडेला सोडला तर भाजी आणि बी दोन्ही मिळते.

एक खबरदारी घ्यावी. उसात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारतो. ते भुईमूग, सूर्यफूल, तीळ, जवस या सगळ्यांना मारक आहे. आंतरपीक असलेल्या प्लॉटात ते मारू नये आणि शेजारच्या रानात मारताना वारा बघावा. आंतरपीक घ्यायचे ठरवले असेल तर तणनाशक आणण्याआधीच गट कार्यालयात आमच्या शेतकी मदतनिसाला विचारावे.

एक एकर उसाच्या उत्पन्नापुढे बांधावरच्या किलो-दोन किलो बियांचा हिशेब फडतूस वाटेल. पण उसाचे बिल बँकेत जमा होते, हप्त्या-हप्त्याने येते आणि देण्याघेण्यात जाते. या किलोभर बिया थेट पोराच्या वाटीत पडतात. आपण उसाला पहिल्या पंधरवड्यापासून खायला घालतो, फुटव्याच्या वेळी उपाशी राहू देत नाही. घरातल्या वाढत्या पोरांचा आणि राबणाऱ्या बायांचा फुटवाही याच वयात, याच सकाळच्या वेळेला सांभाळावा लागतो.

सभासद भगिनींनी एकदा निम्म्या मापाने करून पाहावा. कारळे, बाजरीच्या लाह्या घालून कोणी वेगळा प्रकार केला आणि तो पावसाळ्यातही कुरकुरीत राहिला, तर गट कार्यालयात जरूर कळवावे. पुढच्या अंकात त्याची माहिती इतर सभासदांना देऊ.

– ऊस विकास अधिकारी